शिल्लाच्या गादीवर झाशीची राणी

टर्नमागूनटर्न
शनिवारी जेवण झाल्यावर "एक तासभर खेळतो" म्हणून सिव्हिलायझेशन सात (राज्य चालवायचा कॉम्प्युटर गेम) लावला आणि उठलो तेव्हा दूधवाला बेल वाजवत होता, असो, ते दुःख इथल्या सगळ्यांना माहीत आहे. मुद्दा वेगळा आहे. ते राईट टू रूल कलेक्शन (गेमचं जोडपुडकं) घेतलंय, त्यात प्राचीन एजसाठी शिल्ला आहे म्हणजे कोरियाचं जुनं राज्य, आणि त्याच पुडक्यात लीडर म्हणून आपल्या राणी लक्ष्मीबाई. आता सातव्या भागात लीडर आणि सिव्ह (म्हणजे राज्य) वेगवेगळे निवडता येतात, त्यामुळे मी काय केलं असेल ओळखा. झाशीची राणी, राज्य शिल्ला!

पहिले दहा मिनिटं हसू येत होतं पण नंतर डोक्यात भुंगा सुरू झाला. सहाव्या भागात कोरियाची लीडर होती राणी सॉन्डॉक, शिल्लाचीच, खरीखुरी, ६३२ ते ६४७ राज्य केलेली. पण तिच्या हातात सामान काय दिलं तर सॉवॉन (कन्फ्यूशियन शाळा, गेममध्ये सायन्स देणारी) आणि ह्वाचा (बाण सोडणारी गाडी). दोन्ही जोसॉनच्या, म्हणजे कोरियाच्या बऱ्याच नंतरच्या राज्याच्या काळातली! पहिलं सॉवॉन १५४३ चं म्हणजे बाई गेल्यावर जवळपास नऊशे वर्षांनी. म्हणजे सहामध्ये राणी बरोबर आणि सामान चुकीचं, सातमध्ये काळ बरोबर आणि राणी आपली मनू तांबे. तुम्हाला यातलं काय जास्त खटकतं? आणि खटकायला पाहिजे का मुळात? लिहा पटापट.

चकलीचा_काटा
मला काहीच खटकत नाही, मला +४ सायन्स मिळतं. सॉवॉन टेकडीवर टाका, शेजारी दुसरं एकही डिस्ट्रिक्ट (शहराचा खास विभाग) नको (प्रत्येकी एक कापतात), आजूबाजूच्या टेकड्यांवर खाणी खोदा, खाणीला सायन्स मिळतं, शेताला अन्न मिळतं. बाकीचे बिचारे कॅम्पससाठी (त्यांचं सायन्सचं डिस्ट्रिक्ट) डोंगर शोधत नकाशाभर फिरतात आणि आपण दहाव्या टर्नला ठरवून मोकळे. इतिहास राहू दे बाजूला.

टर्नमागूनटर्न
@चकली, तुला धागा कशावर आहे ते कळलंय का :)

गडकिल्लेवाला
रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो पण आत्ता एवढंच की हे आपल्याकडे करून बघा म्हणजे किती विनोदी आहे कळेल. समजा "महाराष्ट्र" नावाची सिव्ह आहे, लीडर गौतमीपुत्र सातकर्णी, खास सैनिक बारगीर आणि खास इमारत शनिवारवाडा. खेळाल? मी तर पहिल्या स्क्रीनलाच गेम उडवीन. कोरियन माणसाला ह्वाचा आणि सॉन्डॉक एकत्र बघून असंच होत असणार.

चकलीचा_काटा
मी खेळीन. बारगीर चांगले असतील तर.

अण्णा_सांगलीकर
पोरांनो आम्ही हे सगळं २००० साली भोगून बसलोय. एज ऑफ एम्पायर्स दोनचा कॉन्करर्स आला त्यात कोरियन होते. सांगलीत एका कॅफेत तासाला पैसे मोजून आम्ही सहाजण खेळायचो, मी कायम कोरियन, कारण वॉर वॅगन. लाकडाची पेटी, त्यातून बाण, घोडा पुढे, समोरचा तिरंदाज रडायचा. आणि कासव जहाज. नोर्यांगची १५९८ ची लढाई पण होती त्यात, ॲडमिरल यी सुन शिन. आमच्यातल्या एकाला तर कॉलेजच्या तोंडी परीक्षेत इतिहासाचा काहीही प्रश्न आला की तो नोर्यांग मध्ये आणायचा, असो. पण वंडर (गेममधली सगळ्यात मोठी वास्तू) बांधलं की नऊ मजल्यांचा एक लाकडी पॅगोडा उभा राहायचा तो कुणाचा ते तेव्हा विचारलं पण नाही कुणी.

सुगरण_नसलेली
अण्णा, तो ह्वांगन्योंगसाचा पॅगोडा!! आणि तो कुणी बांधून घेतला माहितेय का, याच सॉन्डॉक बाईंनी, ६४५ मध्ये. म्हणजे तुम्ही पंचवीस वर्षांपूर्वी तिचंच वंडर बांधत होतात 😄

मी गेमवाली नाही, नवरा खेळतो, मी मागे बसून बडबड करते. पण कोरियन मालिकांच्या नादाने हा भाग बराच वाचलाय म्हणून लिहिते. जाजांग नावाचा भिक्खू चीनमधून शिकून आला, त्याने राणीला सांगितलं की नऊ मजली पॅगोडा बांध म्हणजे शेजारची नऊ राज्यं नमतील, एकेक मजला एकेका शत्रूच्या नावाचा. आणि गंमत अशी की बांधायला कारागीर आणला बेक्चेचा, आबीजी नाव त्याचं, बेक्चे म्हणजे तेव्हाचा पक्का वैरी. स्वतःच्याच राज्याला नमवणारा मजला तो माणूस बांधत होता. साधारण ऐंशी मीटर उंच होता म्हणतात. १२३८ ला मंगोलांनी जाळला.

अण्णा_सांगलीकर
अरे देवा. आणि आम्ही तो वंडर बांधून दोनशे वर्षांचा काउंटडाऊन सुरू झाला की वॉल लावत बसायचो. मंगोल आले की हरायचो तेही बरोबरच म्हणायचं.

टर्नमागूनटर्न
@सुगरण, अजून लिहा ना तिच्याबद्दल. गेममध्ये तिचा अजेंडाच चॉमसॉन्गदे आहे, म्हणजे तुमचं सायन्स कमी असलं की बाई नाक मुरडते. एवढंच माहीत.

सुगरण_नसलेली
चॉमसॉन्गदे म्हणजे वेधशाळा, दगडी, बाटलीसारखा आकार, नऊ-साडेनऊ मीटर उंच, अजून उभी आहे. तिच्याच काळातली.

पण मला तिचं राज्यावर येणं जास्त भारी वाटतं. शिल्लामध्ये गोलपुम म्हणून व्यवस्था होती, शब्दशः हाडांची प्रतवारी. सगळ्यात वर "पवित्र हाड", त्यातूनच राजा व्हायचा. मग "खरं हाड". त्याखाली डोक्याच्या श्रेणी, सहा पाच चार. तुमच्या श्रेणीवर घर केवढं बांधायचं, कपड्याचा रंग कोणता, दरबारात कुठपर्यंत चढायचं सगळं ठरलेलं. (आपल्याला समजवायला नको.) आता राजा जिनप्योंगला मुलगा नाही आणि पवित्र हाडाचा पुरुषच शिल्लक नाही, तर काय करणार, मुलगी. म्हणजे तिला गादी मिळाली ती स्त्रियांबद्दल उदार होते म्हणून नाही, उतरंड इतकी कडक होती की खालच्या हाडाच्या पुरुषापेक्षा वरच्या हाडाची बाई चालली!

आणि तरी टोमणे होतेच. चीनच्या तांग सम्राटाने तर मदत मागायला गेलेल्या दूताला ऐकवलं की तुमच्यावर बाई राज्य करते म्हणून शेजारी तुम्हाला हलक्यात घेतात, माझ्या घराण्यातला एक पुरुष पाठवतो तो राजा होऊ दे.

गडकिल्लेवाला
आलो. जेवण करून, तंबाखू नाही, बडीशेप खाऊन. (बायको हा धागा वाचते.)

मंडळी, सुगरणताईंनी छान लिहिलंय पण त्या उठावाचं राहिलं. ६४७ ला बिदाम नावाच्या सरदाराने बंड केलं, कारण सरळ सांगितलं, बाईला राज्य करता येत नाही. बाई आजारी. दोन्ही सैन्यं समोरासमोर, आणि रात्री राजवाड्याच्या बाजूला एक तारा पडला. झालं, बिदामची माणसं ओरडायला लागली की राणी पडणार. इकडे शिपायांचे चेहरे उतरले. सेनापती होता किम यूशिन. त्याने काय केलं तर एक बाहुलं करून पेटवलं आणि पतंगाला बांधून वर सोडलं, आणि दुसऱ्या दिवशी पसरवलं की काल पडलेला तारा रात्री परत वर गेला. बंड मोडलं. राणी मात्र त्याच गडबडीत वारली आणि गादीवर परत बाईच आली, चुलत बहीण जिंदॉक.

हे सगळं सामगुक सागी मध्ये आहे, ११४५ चा ग्रंथ, आणि तो लिहिणारा किम बूशिक स्वतः बाईच्या राज्याला नावं ठेवतो, तरी पतंगाची गोष्ट गाळत नाही. मला तो माणूस आवडतो.

तर सांगायचं हे की एवढा मसाला पडलाय आणि गेमवाल्यांनी काय दिलं, नऊशे वर्षांनंतरच्या शाळा. पतंग द्या की. एकदा वापरायची ॲबिलिटी, शत्रूची लॉयल्टी खाली.

चकलीचा_काटा
पतंग +१. खरंच चांगला मेकॅनिक होईल तो. ह्वारांग नावाने जी ॲबिलिटी दिलीय ती तर गव्हर्नर बसवला की सायन्स आणि कल्चर टक्केवारीने वाढतं अशी आहे, त्यात तरुण योद्ध्यांचं काय नाव नाही निशाण नाही.

पण मी एकदा डेव्हलपरच्या बाजूने बोलतो. एका सिव्हला सहा हजार वर्षं चालवायची आहे भाल्यापासून रॉकेटपर्यंत. शिल्ला ९३५ ला संपलं. मग मधल्या आणि पुढच्या काळात खेळणाऱ्याने काय करायचं? म्हणून सगळ्या कोरियाची एक पिशवी केली, जे प्रसिद्ध ते आत टाकलं. भारताचंही तेच केलंय की. सॉन्डॉकवाल्याच राईज अँड फॉल पुडक्यात २०१८ ला चंद्रगुप्त आला, तो आणि गांधी एकाच भारताचे लीडर, दोघांना हत्ती आणि बारव सारखीच. गांधीजी वारू हत्तीवरून चाल करून जातात ते चालतं आणि सॉन्डॉकची ह्वाचा नाही चालत?

गडकिल्लेवाला
कुणी सांगितलं चालतं म्हणून!

मध्यरात्रीचा_चहा
बरेच दिवस वाचनमात्र होतो, पण हा धागा बघून राहवलं नाही. मी चार वर्षं झाली सुवॉनला आहे नोकरीनिमित्त. ग्योंगजू म्हणजे शिल्लाची राजधानी, तिथे दोनदा जाऊन आलो. गेममध्ये सॉन्डॉकची राजधानी तीच येते.

गावात शिरलं की पहिल्यांदा कळतच नाही की हे हिरवे ढिगारे काय आहेत. आपल्याकडे टेकडीवर गाव असतं, इथे गावात टेकड्या, दोन घरांच्या मध्ये, पार्किंगच्या मागे, शाळेसमोर. सगळी राजांची थडगी, वरती गवत एकदम न्हाव्याने कापल्यासारखं. त्यातल्या एकात आत जाता येतं, दगडांचा ढीग, त्याच्या आत लाकडी खोली, तिथून सोन्याचा मुकुट निघाला, शिंगांसारख्या फांद्या असलेला. चॉमसॉन्गदे बघून माझ्या मुलीने "एवढंच?" विचारलं. खरंय, फोटोत मोठी वाटते. पण संध्याकाळी दिवे लागल्यावर तिच्या भोवती गर्दी बसलेली असते नुसती, शांत.

ह्वांगन्योंगसाच्या जागी काहीच नाही. मोकळं माळरान आणि जमिनीत पायाचे दगड, रांगेत. अण्णा, तुमच्या वंडरच्या मधोमध उभा राहून मी फोटो काढलाय.

अजून एक, गेमवाल्या लोकांसाठी खास. तिथे राजवाड्याचं तळं आहे, १९७५ ला उपसलं तेव्हा गाळात चौदा बाजूंचा लाकडी फासा सापडला. प्रत्येक बाजूवर दारूच्या बैठकीतली शिक्षा कोरलेली, तीन प्याले एका दमात पी, गाणंबजावणं नसताना नाच, असलं. मूळ फासा वाळवताना मशीनमध्ये जळून गेला, आता दुकानात नकला मिळतात. मी आणलाय. आमच्या इथल्या मराठी लोकांच्या कोजागिरीला वापरतो, दुधावर. ह्वांगनामचा पाव पण खाऊन या, आत गोड पुरण असतं लाल दाण्यांचं, आमच्या आईला पुरणपोळीचं पोर वाटलं ते.

आणि मूळ प्रश्नाबद्दल, माझ्या ऑफिसात दोघं खेळतात. त्यातल्या एकाला सॉवॉनचा अजिबात राग नाही. तो म्हणाला सॉवॉन टेकडीवर लागतं हे बरोबर आहे ना, सॉवॉन असतातच गावाबाहेर, डोंगराला पाठ लावून, समोर पाणी, बाजारापासून लांब, म्हणून शेजारी डिस्ट्रिक्ट आलं की सायन्स कापलं जातं. नियम ज्याने लिहिला त्याने सॉवॉन बघितलंय. राणी कोण ते तर लेबल आहे.

टर्नमागूनटर्न
हे मी कधीच असं बघितलं नव्हतं. मी शेजारचं डिस्ट्रिक्ट टाळायचो ते नुसतं आकड्यासाठी.

चकलीचा_काटा
बघा, म्हणून म्हणतो आकडे वाचा.

ह्वाचाचं पण तसंच आहे, एकदा हलवली की त्या टर्नला सहसा मारता येत नाही. गाडी आहे, चाकं आहेत, आधी लावायची, भरायची, मग शंभरेक बाण एकदम. १५९३ ला हेंगजूच्या गढीवर क्वॉन यूलने वापरली ती पण वरून खाली, टेकडीवर बसून, जपानी चढून येत असताना. मी पण माझ्या शहराच्या मागे टेकडीवर तीन लावून ठेवतो.

गडकिल्लेवाला
मान्य. नियमात इतिहास आहे, नावात घोळ आहे. पण मग मला गोगुर्यो (शिल्ला आणि बेक्चेबरोबरचं तिसरं राज्य) वेगळं पाहिजे. ॲबिलिटीचं नाव "तीन राज्यं" ठेवलंय आणि त्यातली दोन गायब! चीनचा सुई सम्राट ६१२ ला चालून आला तेव्हा चिनी ग्रंथातच सैन्य अकरा लाखांच्या वर लिहिलंय, फुगवलेलं असेल तर असू दे, त्यातले तीन लाख पाच हजार आत शिरले आणि सालसू नदीवरून परत गेले सत्तावीसशे. गोगुर्योचा सेनापती उल्जी मुनदॉक. घोड्यालाही चिलखत घालणारे लोक, थडग्यांच्या भिंतींवर चित्रं आहेत. हे कुणाला खेळायला नकोय? शिल्ला तर गोड बोलून तांगांना घरात घेणारं राज्य, ६६० ला बेक्चे खाल्लं, ६६८ ला गोगुर्यो.

सुगरण_नसलेली
आणि ६७६ पर्यंत त्याच तांगांना हाकलून पण दिलं, ते सोयीस्कर विसरलात. सगळ्यात छोटं, कोपऱ्यातलं राज्य होतं ते. सॉन्डॉकच्या वेळी ६४२ ला बेक्चेने चाळीसेक किल्ले घेतले, देयासॉन्ग पडलं, शिल्लाच्या राजघराण्यातल्या किम चुन्चूची मुलगी त्यात गेली. तो माणूस खांबाला टेकून दिवसभर उभा होता, समोरून माणसं गेलेली कळत नव्हती म्हणे. मग तो आधी गोगुर्योकडेच गेला होता मदतीला, त्यांनी कैदेत टाकलं. मग तांग. कोण कुणाशी गोड बोललं ते बघून बोला.

गडकिल्लेवाला
शस्त्र खाली ठेवतो. 🙏

टर्नमागूनटर्न
या तांग प्रकरणावरून आठवलं, सातमध्ये माझ्या शिल्लाचं काय झालं ऐका. प्राचीन एज संपलं, गेम आला तेव्हाचा नियम होता, पुढच्या एजला सिव्ह बदला. मी घेतलं मिंग. म्हणजे ज्यांनी चिन्यांना हाकललं त्यांचे पोरं एका स्क्रीननंतर चिनी. वर राणी लक्ष्मीबाई तशाच.

पण खरं सांगू, राणी मला खटकली नाही. कलेक्शनचं नावच राज्य करायचा हक्क. दत्तक दामोदरला वारस मानायला इंग्रज तयार नाहीत, झाशी खालसा. इकडे मुलगा नाही म्हणून मुलगी, आणि सरदार म्हणतो बाईला जमणार नाही. दोघींचं भांडण एकच.

सुगरण_नसलेली
एकच नाही हो. एकीला हक्क होता तो हाडाचा, दुसरीचा दत्तकाच्या आईचा, आणि तो नाकारणारी तर परकी कंपनी होती, घरचा सरदार नाही. ओढून ताणून जोडू नका. पण खेळा बिनधास्त, घोड्यावर छान दिसतात त्या.

नाशिकचा_द्राक्षवाला
अवांतर होईल पण भारताचा विषय निघालाच आहे तर, ती अयोध्येची राजकन्या कुणीच कशी नाही आणली अजून? हो ह्वांगओक, इ.स. ४८ ला जहाजाने गेली, कोरियातल्या गाया राज्याच्या सुरो राजाशी लग्न. अयोध्येत स्मारक पण आहे २००१ पासून.

गडकिल्लेवाला
ती येणारच होती, मी घड्याळ लावून बसलो होतो. अहो तो उल्लेख सामगुक यूसा मधला, तेराव्या शतकातला, म्हणजे घटनेनंतर बाराशे वर्षांनी. त्यात लिहिलंय "आयुता". अयोध्याच कशावरून यावर अभ्यासकांचे वाद आहेत, बरेचजण सगळी गोष्टच बौद्ध धर्म आल्यावर रचलेली मानतात. तरी तुमचं मन राखायला सांगतो, वर पतंग उडवणारा किम यूशिन आहे ना, तो गायाच्याच राजघराण्यातला. सुरोचं गाया ५३२ ला शिल्लात गेलं, त्याचा पणजोबा शेवटचा राजा. म्हणजे दंतकथा खरी धरली तर तो तुमच्या राजकन्येचा वंशज.

मध्यरात्रीचा_चहा
दंतकथा कशाला पाहिजे, खरा माणूस आहे की. ह्येचो. शिल्लाचा भिक्खू, विशीतला पोरगा, ७२० च्या दशकात समुद्राने भारतात गेला आणि जमिनीवरून परत फिरला, ७२७ ला मध्य आशियात कूचाला पोचल्याची नोंद आहे. त्याच्या प्रवासवर्णनाची अर्धीमुर्धी गुंडाळी १९०८ ला दुनहुआंगच्या गुहेत सापडली, आता पॅरिसला आहे. आणि @द्राक्षवाला, बसून वाचा, तो मध्य भारतातून तीन महिने दक्षिणेला चालत गेला आणि "दक्षिण भारताच्या राजाच्या" गावी पोचला, आठशे हत्ती होते म्हणतो. तो राजा चालुक्य असणार, आणि ते गाव म्हणजे नाशिक असं इथल्या कोरियन पुस्तकांत लिहितात, नकाशात ठिपकाच दाखवतात.

नाशिकचा_द्राक्षवाला
काय सांगता!! आमच्या नाशकात शिल्लाचा माणूस? पांडवलेण्यांना गेला असेल का?

मध्यरात्रीचा_चहा
डोंगरात एक मोठा विहार बघितल्याचं लिहिलंय, खडकात कोरलेला, तीन मजली, नागार्जुनाने यक्षांकडून करून घेतला म्हणे, आणि आता ओसाड, भिक्खू नाहीत.

गडकिल्लेवाला
तीन मजली म्हणजे पांडवलेणी नव्हेत. वेरूळचं तीन ताल डोक्यात येतं पण ते तेव्हा नवं कोरं, ओसाड कसं असेल. दुसरं काहीतरी. पण द्राक्षवाले, लेणी क्रमांक तीनमध्ये गौतमी बलश्रीचा लेख आहे ना, तो माझा वरचा सातकर्णी, त्याच्या आईचा. बाईच्या नावाचा लेख तिथे आधीच सहाशे वर्षं होता.

मध्यरात्रीचा_चहा
त्या दक्षिणेच्या वाटेवर त्याने एक कविता पण लिहिलीय. मी कोरियन मित्राकडून समजून घेतली होती, माझ्या शब्दांत सांगतो. चांदण्या रात्री घरच्या वाटेकडे बघतोय, ढग वाऱ्याबरोबर परत चाललेत, त्यांच्या हाती चिठ्ठी द्यावी तर वारा थांबत नाही. माझा देश उत्तरेला आकाशाच्या कडेला. इथे उन्हाच्या देशात रानहंस नाहीत, मग ग्येरिमला निरोप कोण नेणार. ग्येरिम म्हणजे शिल्लाचंच जुनं नाव, कोंबड्याचं रान. तो परत घरी कधी गेलाच नाही, चीनमध्येच वारला.

चार वर्षं सुवॉनला बसून ही कविता वाचायची आणि ती लिहिली गेली आपल्या बाजूला. जाऊ दे.

अण्णा_सांगलीकर
वाचनखूण साठवली. चहावाले, दिवाळीला येताय का इकडे?

टर्नमागूनटर्न
सातवा बंद केला आणि आत्ता सहावा परत सुरू केलाय, सॉन्डॉक घेऊन. राजधानी ग्योंगजू ठेवली. दुसरं शहर समुद्राकाठी वसवलं त्याचं नाव बदलून ग्येरिम केलं. आणि नकाशाच्या पार दुसऱ्या टोकाला, वाळवंटाच्या कडेला, सगळ्या शहाण्या खेळाडूंनी टाळली असती अशा जागी एक सेटलर नेऊन बसवला, त्याचं नाव नाशिक.

चकलीचा_काटा
तिथे टेकडी आहे का पण?

टर्नमागूनटर्न
एक आहे.

चकलीचा_काटा
मग सॉवॉन टाक आणि शेजारी काही बांधू नकोस.